मूतखडा, जंतुसंसर्ग आणि रक्तातील धोक्याच्या खुणा

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. जिल्हा अवर्षणप्रवण, उन्हाळा कडक, पाऊस बेभरवशाचा. उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी व दाट होते आणि तीत विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने साचू लागतात. अशा भागात मूतखडा हा आजार कोणालाच अपरिचित नसतो. हुलग्याचे कढण, पानफुटीची पाने आणि तांब्याने प्यालेले पाणी यांनी खडा पडून गेल्याच्या हकिकती घरोघरी ऐकायला मिळतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपणहूनच पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हकिकतींचे नवल वाटत नाही.

मात्र खड्याने मूत्रवाहिनी अडवली आणि त्या अडलेल्या मूत्रात जंतू वाढू लागले, तर हिशेब दिवसांचा न राहता तासांचा होतो. सकाळी कंबर धरून बसलेला रुग्ण रात्री शुद्धीवर नसतो, असेही घडते. या अवस्थेला वैद्यकात ‘सेप्टिक शॉक’ म्हणतात. तो येण्यापूर्वी त्याची चाहूल रक्ताच्या तपासणीतून लागू शकते काय, या प्रश्नावर गेली काही दशके जगभर संशोधन चालू आहे. मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे. कारण ती चाहूल जितक्या लवकर लागेल, तितका प्रवासाला वेळ मिळेल.

अडलेल्या मूत्रपिंडात काय घडते?

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. ही नळी अवघ्या काही मिलिमीटर रुंदीची असते. तीत खडा अडकला की मूत्र मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि आतील दाब वाढतो. तुंबलेल्या मूत्रात ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटियस यांसारखे जंतू असतील, तर वाढलेल्या दाबामुळे ते आणि त्यांची विषद्रव्ये मूत्रपिंडातील बारीक शिरांतून थेट रक्तात ढकलली जातात. त्याच दाबामुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविक औषध तुंबलेल्या मूत्रात पुरेसे पोहोचत नाही. जंतूंना आत आश्रय आणि औषधाला दार बंद, अशी ही अवस्था असते. प्रोटियससारखे काही जंतू मूत्रातील युरियाचे विघटन करून स्वतःच खडे तयार करतात आणि त्या खड्यांच्या आत दडून राहतात.

जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा बेताल झाली आणि तिने स्वतःच्याच अवयवांना इजा करण्यास सुरुवात केली, की त्या स्थितीला ‘सेप्सिस’ म्हणतात. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निश्चित केलेल्या व्याख्येनुसार, पुरेसे सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ मिलिमीटर राखण्यासाठी औषधांचा आधार घ्यावा लागत असेल आणि रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण लिटरला २ मिलिमोलहून अधिक असेल, तर तो सेप्टिक शॉक होय. त्या अवस्थेला पोहोचलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक असल्याचे ही व्याख्या ठरविताना आढळले होते.

स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, गर्भवती आणि एकच मूत्रपिंड कार्यरत असलेले रुग्ण यांच्याबाबत अधिक सावध राहावे लागते. दिवसभर आडोसा न मिळाल्याने लघवी रोखून धरणाऱ्या आणि म्हणून पाणीही कमी पिणाऱ्या शेतमजूर स्त्रियांना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास मुळातच अधिक संभवतो.

लघवीचा अहवाल फसवा ठरू शकतो

मूत्रमार्गाचा संसर्ग म्हटला की प्रथम लघवी तपासली जाते, आणि ते योग्यच आहे. पण खड्याने एका बाजूची नळी पूर्ण बंद केली असेल, तर बाटलीत येणारी लघवी ही दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाची असते. पू साठलेल्या मूत्रपिंडातील थेंबही तीत उतरलेला नसतो. त्यामुळे लघवीचा अहवाल निर्दोष असूनही रुग्णाचे एक मूत्रपिंड जंतूंनी भरलेले असू शकते. लघवीचे कल्चर करून जंतू ओळखण्यास एक ते तीन दिवस लागतात, ती अडचण निराळीच.

रक्त मात्र सर्व शरीरातून फिरते. जंतू मूत्रपिंडाच्या भिंतीआड असले तरी त्यांच्याविरुद्ध शरीराने पुकारलेल्या लढाईच्या खुणा रक्तात उमटतात. यांतील काही खुणा तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेतही वाचता येतात.

पांढऱ्या पेशी

प्रौढ माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारणपणे चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. संसर्गात त्या वाढतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्या चार हजारांच्या खाली उतरणे हे अधिक वाईट लक्षण ठरू शकते, हे तितकेसे ठाऊक नसते. तीव्र संसर्गात या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, ऊतींमध्ये शिरतात आणि अस्थिमज्जेतून होणारा पुरवठा अपुरा पडतो. परिणामी रक्तातील संख्या एकाएकी घटते. ताप व थंडी असलेल्या रुग्णाच्या अहवालात ‘पेशी कमीच आहेत, म्हणजे संसर्ग नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे असते.

याच अहवालातील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पेशींचे गुणोत्तरही उपयोगी पडते. तीव्र जंतुसंसर्गात न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात, म्हणून हा भागाकार वाढत जातो. त्यासाठी निराळा खर्च करावा लागत नाही.

प्लेटलेट

डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला आहे. रक्त गोठविणाऱ्या या कणिकांची संख्या सामान्यतः दीड ते साडेचार लाख असते. सेप्सिसमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होऊ लागतात आणि त्यांत प्लेटलेट खर्ची पडतात. खड्याने अडलेल्या व संसर्ग झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांचा जपानसह अनेक देशांत अभ्यास झाला. त्यांत घटलेल्या प्लेटलेट ही सेप्टिक शॉकची पूर्वखूण म्हणून वारंवार पुढे आली. अवयवांची हानी मोजण्यासाठी अतिदक्षता विभागात वापरल्या जाणाऱ्या गुणांकन पद्धतीतही दीड लाखांखाली प्लेटलेट गेल्या की गुण मोजण्यास सुरुवात होते आणि एक लाखाखाली ते वाढतात.

पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत येथे एक चूक संभवते. ताप आणि घटलेल्या प्लेटलेट दिसताच डेंग्यूचे निदान गृहीत धरले जाते. पण त्याच रुग्णाला एका बाजूच्या कुशीत कळा येत असतील, पूर्वी खड्याचा त्रास झाला असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी होणे आवश्यक असते. डेंग्यूत काही दिवस देखरेख ठेवून वाट पाहता येते. अडलेल्या मूत्रपिंडाबाबत तसे करता येत नाही.

सीआरपी

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. शरीरात कोठेही दाह झाला की यकृत ते तयार करते. त्याची तपासणी स्वस्त असून लहान शहरांतही होते. मात्र ते वाढण्यास सहा ते बारा तास लागतात आणि शिखर गाठण्यास दीड ते दोन दिवस. त्यामुळे आजाराच्या पहिल्या काही तासांत सीआरपी कमी असले तरी निर्धास्त होता येत नाही. शिवाय संधिवात, जखम, शस्त्रक्रिया अशा जंतुविरहित कारणांनीही ते वाढते.

अहवाल वाचताना एकक पाहणे अगत्याचे आहे. काही प्रयोगशाळा हे प्रमाण लिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये. या दोहोंत दहा पटींचा फरक असतो. एका अहवालातील १५० आणि दुसऱ्यातील १५ हे एकच प्रमाण असू शकते. दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून आजार उतरला असे समजणे यामुळेच अंगाशी येऊ शकते.

प्रोकॅल्सिटोनिन

या सर्व खुणांत गेल्या तीन दशकांत सर्वाधिक चर्चा झाली ती प्रोकॅल्सिटोनिनची. निरोगी अवस्थेत हे द्रव्य मुख्यतः गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत तयार होते आणि रक्तात जवळपास आढळत नाही. जंतुसंसर्गात मात्र यकृतासह शरीरातील अनेक ऊती ते रक्तात सोडू लागतात. १९९३ साली फ्रान्समधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निरीक्षण प्रथम मांडले. विषाणूंच्या आजारात ते सहसा फारसे वाढत नाही, हा त्याचा विशेष. जंतूंची विषद्रव्ये रक्तात शिरल्यावर तीन-चार तासांतच ते वाढू लागते, म्हणजे सीआरपीच्या आधी. आणि संसर्ग आटोक्यात आला की सुमारे दिवसभरात निम्मे होते. औषधांचा गुण येत आहे किंवा नाही, हे त्यामुळे लवकर कळते.

मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमहून अधिक प्रमाण असेल तर संसर्ग शरीरभर पसरल्याची शंका घेतात. २ नॅनोग्रॅमच्या वर सेप्सिसची शक्यता बळावते आणि १० च्या वरचे आकडे बहुधा सेप्टिक शॉकच्या रुग्णांत दिसतात. खड्याशी निगडित संसर्गाच्या अभ्यासांत कोणाची प्रकृती ढासळणार, हे सांगण्यात प्रोकॅल्सिटोनिन सीआरपी व पांढऱ्या पेशींपेक्षा सरस असल्याचे अनेकदा दिसले आहे. तथापि मोठी शस्त्रक्रिया, गंभीर इजा, भाजणे आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांतही ते वाढू शकते. ही तपासणी महाग आहे आणि ती सर्वत्र होत नाही.

लॅक्टेट

ऊतींना प्राणवायू पुरेसा मिळेनासा झाला व शरीरावरील ताण वाढला की रक्तातील लॅक्टेट चढते. रक्तदाब वरवर ठीक दिसत असतानाही ते वाढलेले असू शकते. म्हणून त्याला छुप्या शॉकची खूण मानतात. लिटरला २ मिलिमोल ही सामान्य मर्यादा समजली जाते, तर ४ किंवा त्याहून अधिक प्रमाण गंभीर धोका सुचविते. काही प्रयोगशाळा हे प्रमाण डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये देतात. तेथे साधारण १८ हा आकडा २ मिलिमोलच्या बरोबरीचा असतो. नमुना घेतल्यावर तो लवकर तपासावा लागतो. नळीतील रक्तपेशी पुढेही लॅक्टेट तयार करीत राहतात आणि आकडा खोटाच फुगतो. दूरच्या गावातून नमुना पाठवून ही तपासणी करणे म्हणूनच फारसे उपयोगी नाही.

क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि नव्या तपासण्या

क्रिएटिनिन वाढले असेल तर मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे कळते. मात्र दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल तर एक पूर्ण बंद पडूनही क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन गंभीर दाहात घटते आणि ते कमी असलेल्या रुग्णांना शॉकचा धोका अधिक असल्याचे आढळले आहे. परंतु कुपोषण व जुनाट आजार यांतही ते आधीपासूनच कमी असते, याचे भान ठेवावे लागते. अलीकडील अभ्यासांत सीआरपी व अल्ब्युमिन यांचे गुणोत्तरही तपासले गेले आहे.

इंटरल्युकिन-६ हे द्रव्य संसर्गानंतर एक-दोन तासांतच वाढते, तर प्रेसेप्सिन ही खूण जपानी संशोधकांनी पुढे आणली. दोन्हींविषयी आशादायक निष्कर्ष आहेत. पण त्यांचा वापर अजून मुख्यतः मोठ्या रुग्णालयांपुरता व संशोधनापुरता मर्यादित आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तास

खडा काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही काही थोड्या रुग्णांना सेप्टिक शॉक येतो. खडा फोडताना त्यात दडलेले जंतू मोकळे होतात आणि दुर्बिणीतून सोडलेल्या पाण्याच्या दाबामुळे ते रक्तात शिरतात. चीनमधील शल्यविशारदांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून एक साधी खूण सांगितली: शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन तासांनी पांढऱ्या पेशी तीन हजारांच्या आसपास वा त्याखाली कोसळल्या असतील, तर तो रुग्ण शॉककडे निघाला असण्याची शक्यता मोठी असते. त्या वेळी रुग्णाला तापही नसतो आणि रक्तदाबही सांभाळलेला असतो. साध्या रक्ततपासणीने मिळणारा हा इशारा पुढील उपचारांना काही तासांची आघाडी मिळवून देतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारीही महत्त्वाची. लघवीचे कल्चर करून, जंतू आढळल्यास योग्य औषधाने ते आटोक्यात आणून मगच खडा फोडावा, हा सर्वमान्य नियम आहे. तातडीच्या प्रसंगी प्रथम केवळ अडथळ्यातून वाट करून देतात आणि खडा नंतर, संसर्ग निवळल्यावर काढतात.

आकड्याला आकड्याची जागा

इतक्या तपासण्या असल्या तरी एकटी कोणतीही तपासणी शॉकचे भाकीत खात्रीने करू शकत नाही. म्हणून डॉक्टर आकड्यांची सांगड घालतात आणि ते कोणत्या दिशेने चालले आहेत हे पाहतात. सकाळी दोन लाख असलेल्या प्लेटलेट संध्याकाळी सव्वा लाखावर आल्या असतील, तर संध्याकाळच्या आकड्यापेक्षा ती उतरण अधिक बोलकी असते.

रुग्णाकडे पाहणे हे तपासणीइतकेच मोलाचे आहे. श्वासाचा वेग मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि बोलण्या-वागण्यातील गोंधळ या तीन गोष्टींना कसलेही यंत्र लागत नाही. रक्तदाबमापक तेवढा हवा. यांपैकी दोन आढळल्या तर धोका मोठा. पण त्या आढळल्या नाहीत म्हणून धोका नाही असे समजू नये, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बजावले आहे. प्रतिजैविके सुरू करायची की नाही, हे ठरविण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनच्या अहवालाची वाट पाहू नये, हीही त्याच सूचनांतील शिफारस होय. शॉकची शक्यता दिसत असेल तर पहिला डोस तासाभरात जावा. रक्ताचे कल्चर त्याआधी घ्यावे, परंतु त्यासाठी औषध खोळंबू देऊ नये.

निचरा हाच मुख्य उपाय

या सर्व तपासण्यांचा उपयोग अखेर एकाच निर्णयासाठी आहे, आणि तो म्हणजे अडलेले मूत्रपिंड कधी मोकळे करायचे. त्यासाठी दोन मार्ग आहेत. मूत्राशयातून दुर्बिणीने वर डीजे स्टेंट ही बारीक नळी सरकविणे, किंवा पाठीतून सोनोग्राफीच्या मदतीने थेट मूत्रपिंडात नळी घालणे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत दोन्ही मार्ग सारखेच परिणामकारक ठरले. तेव्हा जेथे जे लवकर होईल ते करावे.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतीलच एका अभ्यासात मूत्रवाहिनीतील खडा व सेप्सिस असलेल्या रुग्णांची नोंद तपासली गेली. ज्यांच्या मूत्रपिंडाचा निचरा केला गेला, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ८.८ टक्के होते. ज्यांचा केला गेला नाही, त्यांच्यात ते १९.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक होते. २०२० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात निचऱ्याला दोन दिवस वा अधिक विलंब झाल्यास मृत्यूचा धोका वाढत असल्याचे दिसून आले.

उमापूरहून रुग्णालयापर्यंत

उमापूरच्या रुग्णाला तालुक्याचे गाव गेवराई. ते धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. तेथून दक्षिणेस बीडचे जिल्हा रुग्णालय आणि उत्तरेस छत्रपती संभाजीनगर. तेथील ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून मराठवाड्याच्या रुग्णांचा आधार आहे. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवासाचे हे टप्पे पाहिले तर गावातच काय करता येईल, याचा विचार आवश्यक ठरतो.

कुशीत कळा आणि थंडी वाजून ताप ही जोडी दिसली की तो साधा मूतखडा राहत नाही. अशा वेळी केवळ वेदनाशामक इंजेक्शन घेऊन घरी परतणे घातक ठरू शकते. त्या औषधाने ताप व कळ दोन्ही दबतात, आजार मात्र आत वाढत राहतो; शिवाय शरीरात पाणी कमी असताना अशी काही औषधे मूत्रपिंडालाही इजा करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, श्वास, नाडी मोजणे, शिरेवाटे सलाईन व पहिले प्रतिजैविक सुरू करणे आणि रक्ताचे नमुने घेणे, एवढे झाले तरी रुग्णाच्या हाती मोलाचे तास येतात. सेप्सिसमुळे रक्तदाब उतरला असल्यास पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारे पावणेदोन ते दोन लिटर सलाईन देण्याची शिफारस आहे. हृदयविकार वा मूत्रपिंड निकामी असल्यास डॉक्टर ते प्रमाण जपून ठरवितात.

२०१४ पासून राज्यात सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना पुढील रुग्णालयात सोनोग्राफी, शस्त्रक्रियागृह आणि नळी घालू शकणारे डॉक्टर त्या वेळी उपलब्ध आहेत काय, याची दूरध्वनीवरून चौकशी आधीच करून घ्यावी. एका दारातून दुसऱ्या दारात पाठविले जाण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. जुने सोनोग्राफीचे व रक्ताचे अहवाल, मधुमेहाची औषधे, शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालील उपचारांसाठी कागदपत्रांची गरज पडते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांनी हे कागद जवळ ठेवणे विशेष हिताचे. आजार गाव पाहून येत नाही.

खडा होऊ नये म्हणून दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय. उन्हात काम करणाऱ्यास त्यासाठी तीन लिटरहून बरेच अधिक पाणी लागते. लघवी फिकट आहे की गडद पिवळी, हे पाहिल्यास पाणी पुरेसे झाले की नाही ते कळते. ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. त्यांनी लहान खड्याचीही ठराविक काळाने तपासणी करून घ्यावी.

लक्षात ठेवण्याजोगे

खड्याचा त्रास असताना ताप येणे ही तातडीची अवस्था समजावी. लघवीचा अहवाल निर्दोष असला तरी मूत्रपिंडात संसर्ग असू शकतो. पांढऱ्या पेशींचे एकाएकी घटणे हे त्यांच्या वाढण्याहूनही अधिक धोक्याचे असू शकते. तापात प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच असे नव्हे. कूस दुखत असल्यास सोनोग्राफी करावी. सीआरपी व लॅक्टेटचे आकडे एकक पाहून वाचावेत. रक्ताचे अहवाल धोका किती जवळ आला आहे ते सांगतात. तो टळतो तुंबलेले मूत्रपिंड वेळेत मोकळे केल्याने. म्हणून अहवाल हाती येण्याची वाट न पाहता गाडी निघालेली असावी.